ओढून आणलेला आणि चालत आलेला



ही पुस्तिका तुम्ही उघडली तेव्हा तुमच्या मागे कोणी छडी घेऊन उभे नव्हते. हजेरीपटावर तुमचे नाव पुकारले जाणार नव्हते, घंटा होणार नव्हती. दिवसभराचे काम आटोपून, घरात निजानीज झाल्यावर तुमच्यापैकी कोणी ही पाने उलटत असेल, कोणी एस.टी.च्या खिडकीशी बसून वाचत असेल. आपल्या इच्छेने शिकायला बसलेल्या माणसांशी बोलायचे आहे, म्हणून मी एक जुना प्रश्न तुमच्यासमोर मांडतो. सर्व काही परमेश्वराच्या इच्छेने घडते असे जर आपण मानतो, तर माणसाच्या इच्छेला काय अर्थ उरतो? आणि माणसाला स्वतःची इच्छाच नसेल, तर त्याच्या प्रेमाला, मग ते देवावरचे असो की माणसावरचे, प्रेम म्हणावे का?

या प्रश्नावर जगभरच्या पंडितांनी ग्रंथ लिहिले आहेत. मला मात्र तो ग्रंथात भेटला नाही. सातपुड्यात, धडगावच्या पलीकडच्या एका पायवाटेवर तो मला भेटला. त्या वेळी एका दहा वर्षांच्या मुलाचे मनगट माझ्या मुठीत होते.

पण त्याआधी थोडे माझ्या घराविषयी सांगितले पाहिजे.

माझे गाव तापीच्या काठचे. ज्या प्रकाशा क्षेत्राला लोक दक्षिण काशी म्हणतात, ते आमच्यापासून काही कोसांवर. वडील शेतकरी आणि माळकरी. कापूस उभा असताना अवकाळी पाऊस आला, बैल दगावला, बाजारात भाव पडला, की ते टोपी काढून मांडीवर ठेवीत आणि म्हणत, ‘त्याची इच्छा.’ त्याच्या इच्छेशिवाय झाडाचे पानही हलत नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले असेल. तेच वडील पहाटे चारला उठून कंदील घेऊन पाणी भरायला जात. वीज रात्रीची असली तर रात्रभर जागत. एकदा मी त्यांना धीटपणे विचारले, ‘पान त्याच्या इच्छेने हलते, तर तुम्ही एवढे कशाला राबता?’ ते हसले आणि म्हणाले, ‘पान हलवणं त्याचं काम. पाणी भरणं माझं.’

ते उत्तर मला त्या वयात पळवाट वाटले. मराठीत दोन म्हणी शेजारी शेजारी नांदतात, हे तुमच्याही ध्यानात आले असेल. एक म्हणते, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. दुसरी म्हणते, प्रयत्नांती परमेश्वर. एकाच घरातली माणसे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी म्हण वापरतात आणि त्यांना त्यात काही विसंगती जाणवत नाही. मला ती जाणवत होती. पुढे शिक्षक झालो तेव्हा ती अधिकच जाणवू लागली, कारण तेथे थोडीफार सत्ता माझ्याच हाती आली.

अक्राणी तालुक्यातील एका निवासी आश्रमशाळेत माझी नेमणूक झाली. त्या काळी हा सारा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. सहा-सात वर्षांची पावरा आणि भिल्ल मुले आईवडिलांना सोडून आमच्याकडे राहायला येत. घरी पावरी किंवा भिली बोली, आणि पुस्तकात आमची मराठी. सुरुवातीचे काही महिने आम्ही काय बोलतो हे त्यांना कळत नसे, आणि ती का रडतात हे आम्हाला. अशी मुले पळून जात. दिवाळीनंतर जात, होळीनंतर जात, कधी कधी नुसता ढोल ऐकू आला तरी जात. सातपुड्यात होळीइतका मोठा सण नाही. बावा आणि बुध्या होऊन अंगावर ठिपके रंगवलेली, कमरेला घुंगरू बांधलेली माणसे रात्रभर नाचत असताना वसतिगृहाच्या खोलीत पडून राहणे दहा वर्षांच्या मुलाला कसे साधावे? आणि मूल पळाले की पट कमी होई. पट कमी झाला की वरून विचारणा होई. मग आम्हा शिक्षकांना मुले आणायला डोंगरात पाठवीत.

ज्या मुलाविषयी मी सांगतो आहे, तो एका वर्षात तीन वेळा पळाला. त्याचे नाव मी येथे देत नाही. पहिल्या वेळी मी त्याला गूळ-शेंगदाणे देऊन आणले. दुसऱ्या वेळी धाक घालून. तिसऱ्या वेळी मात्र तो घराच्या खांबाला मिठी मारून बसला. मी त्याचे हात सोडवले आणि मनगट धरून त्याला डोंगर उतरवू लागलो. अर्ध्या वाटेपर्यंत तो टाचा रोवून चालत होता. मागे वळून पाहिले, तर धुळीत त्याच्या टाचांच्या दोन रेघा उमटलेल्या होत्या.

मी हे त्याच्या भल्यासाठी करीत होतो. हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे, कारण ते खरे होते. शाळेत त्याला दोन वेळचे जेवण होते, कपडे होते, अक्षर होते. पुढच्या आयुष्यात त्याला कोणी फसवू नये, एवढे वाचता-लिहिता त्याला यावे, असे मला मनापासून वाटत होते. तो शाळेत राहिलाही. प्रार्थनेला हात जोडी, कविता न अडखळता म्हणे, विचारले की उभा राही. रागावण्यासारखे त्याने काहीही केले नाही. पण रात्री तो दाराकडे तोंड करून निजे. वर्गात त्याचे सर्व काही होते, तो मात्र नव्हता. मी त्याचे मनगट आणले होते आणि मुलाला आणले असे समजत होतो.

त्या दिवसांत रात्री मी वडिलांची जुनी ज्ञानेश्वरी वाचीत असे. मित्रहो, अभ्यासक्रमाच्या निमित्ताने तुम्हीही तिच्याजवळ जाल, तेव्हा अठरावा अध्याय जरा सावकाश वाचा. गीतेच्या या अध्यायात ७८ श्लोक आहेत. त्यातील ६१ व्या श्लोकात श्रीकृष्ण सांगतात की ईश्वर सर्व प्राण्यांच्या हृदयात बसला आहे आणि यंत्रावर चढवलेल्या बाहुल्यांप्रमाणे तो त्यांना आपल्या मायेने फिरवतो. ईश्वराच्या सत्तेचे याहून रोखठोक वर्णन सापडणार नाही. अकराव्या अध्यायातही विश्वरूप दाखवून त्यांनी अर्जुनाला हेच सांगितले आहे: समोरचे योद्धे माझ्या हातून आधीच मेलेले आहेत, तू केवळ निमित्तमात्र हो. हे सारे खरे असेल, तर अर्जुनाला आणखी काही सांगायची गरजच काय? बाहुलीला कोणी उपदेश करीत नाही.

पण ६१ वा श्लोक संपून एकच श्लोक मध्ये जातो, आणि ६३ व्या श्लोकात तेच श्रीकृष्ण म्हणतात की हे गुह्यातले गुह्य ज्ञान मी तुला सांगितले. आता याचा पुरता विचार कर, आणि मग तुला जसे वाटेल तसे कर. पुढच्याच श्लोकात ते पुन्हा बोलू लागतात आणि त्याचे कारण देतात: तू मला अत्यंत आवडतोस, म्हणून तुझ्या हिताचे सांगतो. सत्ता, स्वातंत्र्य आणि प्रेम या तिन्ही गोष्टी चार श्लोकांच्या आत एकापाठोपाठ आल्या आहेत. हा क्रम मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिला. तोवर ते श्लोक माझ्या डोळ्यांखालून कितीतरी वेळा गेले होते.

मग मी मागे जाऊन पहिला अध्याय उघडला. तेथे अर्जुन आज्ञा करतो की माझा रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा कर, आणि श्रीकृष्ण तो नेऊन उभा करतात. विश्वाचा स्वामी तेथे सारथी आहे. लगाम त्याच्या हातात आहेत, पण रथ कोठे न्यायचा हे रथी सांगतो. शेवटी, अठराव्या अध्यायाच्या ७३ व्या श्लोकात, अर्जुन म्हणतो की माझा संशय गेला, आता मी तुझ्या सांगण्याप्रमाणे करीन. सुरुवातीला देव भक्ताचे ऐकतो, अखेरीस भक्त देवाचे. या दोन टोकांच्या मध्ये ‘तुला वाटेल तसे कर’ हे वाक्य उभे आहे. ते नसते, तर अर्जुनाचा होकार हा हुकमाची तामिली ठरला असता. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानदेवांनी हे सारे मराठीत आणले. सातशे वर्षांनी सातपुड्यातल्या एका खोलीत रॉकेलच्या दिव्यापाशी एका मास्तराने ते वाचले, आणि त्याला आपल्या मुठीची लाज वाटली.

त्याच वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि तो मुलगा चौथ्यांदा आला नाही. मला पुन्हा पाठवण्यात आले. मी गेलो. त्याच्या आईने पाणी दिले, ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ पुढे ठेवली. वडील घरी नव्हते. घराच्या कोपऱ्यात दोन-तीन गाठोडी बांधून ठेवलेली होती. ती मला दिसली, पण मी त्यांचा अर्थ लावला नाही. मुलगा खांबाला टेकून उभा होता, या वेळी मिठी मारण्याच्या तयारीत. मी जेवलो, हात धुतले आणि त्याला म्हणालो, ‘मी तुला न्यायला आलो नाही. तू नसलास की वर्गात मला चुकल्यासारखे होते, एवढे सांगायला आलो. यायचे की नाही, ते तू ठरव.’

तो काही बोलला नाही. मी निघालो तेव्हा नाल्यापर्यंत माझ्या मागून आला. तेथे एका दगडावर उभा राहिला. मी पलीकडच्या चढावरून वळून पाहिले, तेव्हाही तो उभाच होता.

तो आला नाही. आठ दिवसांनी कळले की सारे कुटुंब ऊसतोडीसाठी गुजरातेत, सुरतेच्या बाजूला गेले. वर्षअखेरीस पटावरून त्याचे नाव कमी झाले. माझे एक सहकारी मला म्हणाले, ‘तुमच्या ज्ञानेश्वरीपायी पोराचे वाटोळे झाले. मनगट धरून आणले असते, तर आज चौथीत असता.’ मला उत्तर देता आले नाही. पुढे कित्येक वर्षे देता आले नाही. मी त्याला स्वातंत्र्य दिले, की माझ्या अंगावरची जबाबदारी टाकून दिली? आणि परमेश्वर जर माणसाला असेच मोकळे सोडीत असेल, तर ते त्याचे प्रेम आहे, की आपल्यावरून उडालेले त्याचे लक्ष?

या प्रश्नाभोवती मी पुष्कळ हिंडलो. त्यातून हाती आले ते तुमच्यासमोर ठेवतो.

सत्तेने बरेच काही मिळवता येते. कर मिळतो, मुजरा मिळतो, खाली वाकलेली मान मिळते. मिळत नाही ते प्रेम. कळसूत्री बाहुली मालकाच्या पाया पडते, पण मालकाला त्यात धन्य वाटत नाही. म्हणून सर्वशक्तिमान परमेश्वराला प्रेमच हवे असेल, तर स्वतःच्या शक्तीला कोठेतरी आवर घालण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. आपल्या मराठी मनाने हे तर्काने सांगितले नाही, तर मूर्तीत पाहिले आहे. पंढरपूरचा देव काय करतो? तो उभा राहतो. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गुंतला होता, त्याने वीट फेकली आणि थांबायला सांगितले. देव त्या विटेवर थांबला, आणि कथेप्रमाणे अजून थांबलेला आहे. त्याच्या हातात शस्त्र उगारलेले नाही. हात कमरेवर आहेत. आपल्या भूमीने आपल्या सर्वांत लाडक्या देवाची कल्पना वाट पाहणारा अशी केली, ही साधी गोष्ट नव्हे.

दक्षिणेतल्या रामानुजांच्या अनुयायांत या प्रश्नावर दोन मते पडली आणि त्यांना दोन सुरेख दृष्टान्तांची नावे मिळाली. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, तो मर्कटन्याय. मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते, पिल्लाने काही करायचे नसते, तो मार्जारन्याय. माझ्या वडिलांना ही नावे ठाऊक नव्हती. पण पान हलवणे त्याचे आणि पाणी भरणे माझे, या एका वाक्यात त्यांनी दोन्ही न्याय एका गाठीत बांधले होते. ती पळवाट नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

प्रेमाची दुसरी नक्कल म्हणजे व्यवहार. आपण नवस बोलतो. आमच्या जिल्ह्यातील आदिवासी बांधव महाशिवरात्रीला गुजरातेतील देवमोगऱ्याला याहामोगी मातेच्या दर्शनाला जातात; टोपलीत नवे धान्य घेऊन डोंगर तुडवीत जातात. त्यात नवस फेडणारे असतात, तसे ज्यांनी काहीच मागितलेले नाही असेही असतात. एका म्हाताऱ्याला मी विचारले होते, ‘बाबा, काय मागितले होते?’ तो म्हणाला, ‘काही नाही. ती आपली आहे, म्हणून आलो.’ नवस वाईट असे मी म्हणणार नाही. अडलेला माणूस मागणारच. पण मागणे संपल्यावरही जो चालत येतो, त्याच्या येण्याची जात वेगळी असते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. हा निर्णय त्यांनी एकट्याने घेतला. त्यांच्या स्वातंत्र्याचा आघात लक्ष्मीबाईंवर झाला. पती जिवंत असताना त्यांच्या वाट्याला वियोग आला. हिंदू पत्नीने बळजबरीने नवऱ्यामागे धर्म बदलावा, असे मात्र घडले नाही. दोघे वर्षानुवर्षे वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांच्या जवळ आल्या, तरी आपली चूल आणि आपला सोवळेपणा त्यांनी सोडला नव्हता. तो गळून पडला तो कोणाच्या आज्ञेने नव्हे. माणसामाणसांतले भेद देवाने केलेले नाहीत, असे त्यांच्याच मनाने घेतले म्हणून. १९०० साली त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना धर्म कोणता योग्य हा वाद मला सुचत नाही. मला दिसते ती एक बाई, जिच्यासाठी कोणीतरी थांबले आणि जी आपल्या पायांनी चालत आली. चालत येण्यापूर्वी नको म्हणण्याची तिला मुभा होती, म्हणून तिच्या होकाराला वजन आहे.

आमच्याच जिल्ह्यातील तळोदा तालुक्यात १९३० च्या दशकाच्या अखेरीस गुलाम महाराजांनी आदिवासींमध्ये ‘आप’ या नावाने ओळखली गेलेली चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मानाने वागवा, असे ते सांगत. त्यांच्या हाती शिपाई नव्हते, दंड करण्याचा अधिकार नव्हता. माणसे आरतीला जमत आणि आपणहून दारू सोडीत. हुकमाने बंद झालेली दारू पाठीमागच्या दाराने परत येते, हे आपण सर्वच पाहतो. मनाने सोडलेली मात्र पुढच्या पिढीच्याही सवयीतून जाऊ शकते.

इतके सारे विचार माझ्यापाशी जमले, तरी त्या मुलाचा प्रश्न सुटला नव्हता. तो त्याने स्वतःच सोडवला, की अधिक अवघड केला, हे तुम्ही ठरवा.

निवृत्तीनंतर एके वर्षी होळीच्या आधी मी धडगावच्या भोंगऱ्या बाजारात गेलो होतो. बाहेरगावी कामाला गेलेली माणसे या बाजारासाठी परततात. गूळ, डाळ्या, कपडे, घुंगरू यांची दुकाने आणि ढोलांचा गजर. त्या गर्दीत एका माणसाने माझ्या पायांना हात लावला. मी ओळखले नाही. तो नुसता म्हणाला, ‘नाल्यापर्यंत आलो होतो, सर.’

आम्ही एका झाडाखाली बसलो. तो मराठी आणि गुजराती मिसळून बोलत होता. त्याचे शब्द मी जरा सरळ करून देतो. मी त्याला जो प्रश्न इतकी वर्षे स्वतःला विचारीत होतो तोच विचारला: ‘त्या दिवशी मी तुला ओढून नेले असते, तर बरे झाले असते का?’

त्याने थोडा विचार केला. ‘तीन वेळा तुम्ही नेले, तेव्हा मला यायचे नव्हते,’ तो म्हणाला. ‘चौथ्या वेळी तुम्ही नुसते बसलात, जेवलात. तेव्हा पहिल्यांदा वाटले, जावे. नाल्यापर्यंत त्यासाठीच आलो होतो. पण बापाने मुकादमाची उचल घेतलेली होती. लहान भावाला फडावर सांभाळायला कोणी नव्हते.’

मित्रहो, मी त्याच्याकडे पाहत राहिलो. घरातली ती गाठोडी मला आठवली. मी त्याला म्हणालो होतो, तू ठरव. त्याने ठरवलेही होते. पण ठरवणे आणि करता येणे यांच्यामध्ये एक उचल उभी होती, आणि ती मला दिसली नव्हती. प्रेमाने त्याची इच्छा जागी केली. त्या इच्छेला चालायला वाट मात्र कोणी ठेवली नव्हती. स्वातंत्र्य म्हणजे केवळ मनगट सोडणे, अशी माझी समजूत होती. मनगट सोडल्यावर दुसऱ्या कोणाच्या मुठीत ते आधीच अडकलेले तर नाही ना, हे पाहणे हा प्रेमाचाच भाग आहे. मी त्या दिवशी आणखी तासभर थांबलो असतो, वडिलांना भेटलो असतो, गाठोड्यांविषयी एक प्रश्न विचारला असता, तर काय झाले असते हे मला माहीत नाही. मी थांबलो नाही, एवढे माहीत आहे.

येथे परमेश्वराच्या इच्छेविषयीचा माझा जुना प्रश्न नव्या रूपात परत येतो. माणसाला स्वातंत्र्य आहे, हे मान्य केले की त्याची किंमतही मान्य करावी लागते. आणि ती किंमत स्वातंत्र्य वापरणाराच देतो, असे नेहमी घडत नाही. मुकादमाने आपले स्वातंत्र्य वापरले, त्याचे मोल एका मुलाने दिले. देवाने हे का चालू दिले, याचे समाधान होईल असे उत्तर मला सापडलेले नाही, आणि ज्यांना ते चटकन सापडते त्यांच्याविषयी मी थोडा साशंक असतो. मात्र एक गोष्ट मी शिकलो. माणसांनी केलेल्या गोष्टींवर ‘त्याची इच्छा’ हे पांघरूण घालायचे नाही. ती उचल देवाची इच्छा नव्हती. कागदावर उमटवलेला तो एका गरीब बापाचा अंगठा होता. माझे वडील अवकाळी पावसाला ‘त्याची इच्छा’ म्हणत, ते ठीक होते. सावकाराच्या हिशेबाला त्यांनी तसे कधीच म्हटले नाही.

तो उठायला लागला, तेव्हा मी घरच्यांची चौकशी केली. त्याला एक मुलगी आहे. ती आश्रमशाळेत तिसरीत शिकते. आता तो ऊसतोडीला जात नाही; थोडी जमीन कसतो, पावसाळा सोडून मजुरी करतो. मी हसून विचारले, ‘मुलगी पळून येते का?’

‘दोनदा आली,’ तो म्हणाला. ‘दोन दिवस घरी ठेवली. मग विचारले, जायचे का? ती हो म्हणाली, तेव्हा पोचवायला गेलो.’

‘हात धरून?’

‘नाही. ती पुढे चालते. मी मागे असतो.’

एवढे बोलून तो गर्दीत शिरला. मुलीसाठी घुंगरू घ्यायचे राहिले होते, म्हणाला.

मित्रहो, तुम्हीही आपल्या पायांनी येथवर आला आहात. तुमच्यापैकी काहींच्या मागे कोणी चालत असेल: स्वयंपाकाचे आपल्या अंगावर घेऊन तुम्हाला तासभर मोकळा करून देणारी सासू, परीक्षेच्या दिवशी शेतातले काम एकट्याने उरकणारा भाऊ. काहींच्या मागे कोणीच नसेल, आणि समोर एखादी उचल उभी असेल. पुस्तिका मिटण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. आणि ज्यांच्यावर तुमची सत्ता चालते, ती तुमची मुले असोत, विद्यार्थी असोत की हाताखालची माणसे, त्यांचे मनगट तुमच्या मुठीत आहे का, हेही पाहा. देवाची सत्ता आणि माणसाचे स्वातंत्र्य यांचा मेळ पूर्णपणे कसा बसतो, हे मी तुम्हाला सांगू शकलेलो नाही. पण त्या बापलेकीची चाल मी कल्पनेत अनेकदा पाहतो. डोंगराच्या वाटेवर मुलगी पुढे चालली आहे, वाट तिची आहे. आणि ती अडखळली तर सावरता यावे इतक्याच अंतरावरून कोणीतरी मागून येत आहे.

विचारासाठी प्रश्न

१. ‘पान हलवणं त्याचं काम, पाणी भरणं माझं’ या वाक्यातून दैव आणि प्रयत्न यांच्यातील कोणते नाते सूचित होते, ते तुमच्या अनुभवातील एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

२. लेखकाला मुलाच्या उत्तरानंतर स्वातंत्र्याविषयीची आपली समजूत अपुरी का वाटली, ते सांगा.

३. विटेवर उभा असलेला विठ्ठल आणि अर्जुनाचा सारथी झालेला श्रीकृष्ण या दोन प्रतिमांतील साम्य उलगडून दाखवा.

४. तुमच्या घरातील किंवा गावातील, कोणीतरी कोणासाठी ‘थांबल्याचा’ एखादा प्रसंग सुमारे दोनशे शब्दांत लिहा.